आईच्या नावाचा रकाना

मुलाला शाळेत घालायला गेले की गुरुजी पूर्ण नाव विचारीत, आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव असे तीन शब्द जनरल रजिस्टरात उतरत. त्या मुलाचा हात धरून शाळेपर्यंत आलेल्या आईला मात्र त्या नावात जागा नसे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला, की १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमाने लिहावे. निर्णय चांगलाच आहे. पण कागदावर एक शब्द वाढविणे सोपे, संगणकात तेच काम बरेच खोल जाते. आपली कितीतरी मुले-मुली आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत, म्हणून हा विषय घरात सर्वांनीच समजून घ्यावा असा आहे.

संगणकातील माहिती बहुधा तक्त्यात ठेवतात. उभे रकाने, आडव्या ओळी. एका माणसाची एक ओळ. ही पद्धत एडगर कॉड या गणितज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडली. कॉड मूळचे इंग्लंडचे, दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते, पुढे अमेरिकेत आयबीएम कंपनीत लागले. त्यापूर्वीच्या पद्धतींत माहिती साखळीसारखी अडकवलेली असे आणि कोणत्या कडीतून कोणत्या कडीकडे जायचे हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागे. कॉड म्हणाले, काय हवे तेवढे सांगा, कसे शोधायचे ते यंत्र पाहील. त्याच कंपनीतील चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली त्यासाठी जी भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. बँक, रेल्वे, रेशन, जिथे जाल तिथे तिचा वापर आहे.

आता एका वस्तीत एकाच नावाचे चार इसम सहज सापडतात. म्हणून नावावरून माणूस ओळखायचा नाही, प्रत्येक ओळीला वेगळा क्रमांक द्यायचा. त्याला 'की', म्हणजे किल्ली म्हणतात. आधारचे बारा अंक हा असाच क्रमांक होय. त्यातला शेवटचा अंक आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर यंत्राला ते लगेच कळते.

आईचे नाव चांगल्या प्रोग्राममध्ये कसे ठेवतात? तिघा मुलांच्या ओळीत तीनदा लिहीत नाहीत. आईची स्वतःची एक ओळ असते आणि मुलांच्या ओळींत फक्त तिचा क्रमांक. तिच्या नावातली वेलांटी एकदा सुधारली की तिन्ही मुलांकडे आपोआप सुधारते. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, हा कॉड यांच्या विचाराचा गाभा. दुर्दैवाने शाळा, रेशन दुकान, बँक यांच्या वह्या निरनिराळ्या. एकीकडे कांबळेच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त, दुसरीकडे कमी. यंत्र माणूस पाहत नाही, अक्षरे जुळवते. अक्षर जुळले नाही की मुलीची शिष्यवृत्ती अडकते आणि बाप एक दिवसाची मजुरी बुडवून खेटे घालतो.

याहून अवघड प्रश्न रिकाम्या रकान्याचा. नवऱ्याने सोडलेल्या बाईने मुलाच्या बापाचे नाव लिहायचे नाही असे ठरविले, आणि प्रोग्राम करणाऱ्याने तो रकाना सक्तीचा केला असेल, तर अर्ज पुढे सरकतच नाही. मग कोणीतरी तिथे टिंब नाहीतर काहीतरी खोटे नाव टाकते, आणि ते खोटे पुढे कायमचे दप्तरी राहते. हा दोष यंत्राचा नव्हे, रकाने आखणाऱ्याचा. एसक्यूएलमध्ये अशा जागेसाठी 'नल' नावाची सोय आहे. नल म्हणजे शून्य नव्हे, कोरा शब्दही नव्हे. 'इथे काही नोंद नाही' एवढेच. दोन मुलांच्या बापाच्या रकान्यात नल असेल तर यंत्र त्यांना एकाच बापाची मुले समजत नाही. नलची नलशी तुलना केली तर उत्तर 'होय'ही येत नाही, 'नाही'ही येत नाही. हा शहाणपणा पुष्कळ माणसांतही नसतो!

१ मे २०२४ पूर्वी जन्मलेल्यांच्या जुन्या ओळींचे काय? त्यांत चौथा रकाना जोडून तो नल ठेवणे हेच प्रामाणिक. काही प्रोग्राम मात्र पूर्ण नाव एकाच रकान्यात घेतात आणि मधल्या मोकळ्या जागा पाहून तुकडे करतात. मग कोणी 'भीम राव' असे तोडून लिहिले की 'राव' हा बाप ठरतो! म्हणून अर्ज भरून घेणाऱ्याच्या शेजारी बसा, पडद्यावर कोणत्या रकान्यात काय पडले ते स्वतः वाचा, आणि छापील पावती हाती आल्यावर तिथल्या तिथे शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.