लॉगिनचा फॉर्म एकदाच लिहावा

गेल्या वेळी प्रमाणांवर बोलताना आम्ही अनुपलब्धी बाजूला ठेवली होती. ती आज घेऊ. पण सुरुवात मीमांसकांपासून नाही, लॉगिनच्या फॉर्मपासून करू. तत्त्वज्ञानाच्या म्हाताऱ्या मास्तरांनी हे काय काढलं, असं काहींना वाटेल. थोडा धीर धरा.

आधी झालं काय ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं, त्यात तिथल्या आमच्या स्नेह्यांकडे जपलेल्या जुन्या व्याख्यानांच्या कॅसेटी आणि टिपणवह्या भिजल्या. जे वाचलं ते साताऱ्याला आणून, सुकवून, आम्ही संगणकावर चढवलं. सभासदांना घरबसल्या ऐकता यावं म्हणून एक छोटं वेब ॲप्लिकेशन केलं. साताऱ्याच्या सभासदांचं एक पान, सांगलीकरांचं दुसरं. दोन्हीकडे वरच्या बाजूला लॉगिनचा फॉर्म: मोबाईल क्रमांक, पासवर्ड, आणि 'आत या' असं लिहिलेलं बटण. साताऱ्याचा फॉर्म एका विद्यार्थ्याने लिहिला. सांगलीचं पान करताना त्यानेच तो उचलून तिकडे चिकटवला. त्या दिवशी दोन्ही फॉर्म अगदी जुळे भाऊ होते.

पुढे वर्षभराने मिरजेहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा फोन आला. "सर, हे यंत्र म्हणतंय की मी सभासदच नाही. बारा वर्षं वर्गणी भरतेय मी!" आवाजात राग कमी आणि अपमान जास्त होता. आम्ही म्हटलं, बाई, क्रमांक पुन्हा घालून बघा. पुन्हा तेच. अर्ध्या तासाने आमच्या लक्षात आलं की बाई मराठी कीबोर्डवरून मराठी आकडे घालत होत्या. नऊ हा आकडा मराठीत लिहिला काय नि इंग्रजीत लिहिला काय, माणसाला तो नऊच. यंत्राच्या लेखी ती दोन निरनिराळी चिन्हं. म्हणून इंग्रजी आकडे घातले, तर यंत्र म्हणालं, "पासवर्ड चुकला." बाईंनी तो आम्हाला फोनवर मोठ्याने वाचूनच दाखवला! असं कोणी करू नये. नंतर आम्ही तो बदलायला लावला. पण शब्द बरोबर होता, एक अक्षरही चुकलेलं नव्हतं.

मग घोटाळा कुठे? साताऱ्याच्या फॉर्ममध्ये हे दोन्ही दोष आधीच सापडले होते आणि दुरुस्तही झाले होते. बाईंनी पासवर्ड ठरवला तो साताऱ्याच्या पानावर, आणि आत जायला लागल्या सांगलीच्या पानावरून. तिथे दुरुस्ती पोचलीच नव्हती, कारण तिथे नक्कल होती.

आता या पासवर्डच्या घोटाळ्यापाशी जरा थांबू या. मजेशीर आहे, आणि खास आपल्या मराठीचा आहे. 'कोऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला तो अर्धचंद्रासारखा र. पडद्यावर तो एकच दिसतो, पण आत तीन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एक, युनिकोडमध्ये ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त जोडून. दोन, साधा र, त्याखाली नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. तुमचा कीबोर्ड कोणता, त्यावर हे ठरतं. घरच्या लॅपटॉपवर एक, मोबाईलवर दुसरं. टाइप करणाऱ्याला कळायचा मार्ग नाही.

पहिली दोन रूपं एक करण्याची सोय युनिकोडमध्येच आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतही पासवर्ड साठवण्याआधी असं एकरूप करावं, असं सुचवलं आहे. पण तिसरं रूप त्यातून सुटतं. त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. आमच्याकडे तासगावची एक मुलगी हे काम बघते, हुशार आहे. ती म्हणाली, "सर, ते न दिसणारं चिन्ह सरळ काढून टाकू की." आम्ही म्हटलं, बाळ, ते काढलंस की 'आचाऱ्यांना' चं 'आचार्यांना' होईल. स्वयंपाकघरातल्या माणसाला पीठावर बसवशील! ती हसली आणि म्हणाली की पासवर्डात तेवढ्याने कुणाचं बिघडत नाही. ते खरंच होतं. पण हाच नियम आम्ही सभासदांच्या नावांच्या शोधातही वापरणार होतो, तिथे बिघडलं असतं. शेवटी र, हलन्त आणि जोडचिन्ह असे तिघं लागोपाठ दिसले तर त्यांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचं, असं ठरलं.

मुख्य प्रश्न मात्र हा नव्हता. नियम कुठे लिहायचा, हा होता.

इथे आम्हाला वाईची आठवण झाली. मराठी विश्वकोशाचं काम तिथेच चालायचं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी प्रमुख संपादक होते, पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोश चाळताना नोंदीच्या शेवटी 'पहा' असं येतं आणि पुढे दुसऱ्या नोंदीचं नाव. तीच माहिती दोन नोंदींत सविस्तर लिहिली, तर एक सुधारली जाईल आणि दुसरी तशीच राहील. म्हणून एका ठिकाणी लिहायचं आणि दुसरीकडून तिकडे बोट दाखवायचं. कोशकारांची ही फार जुनी शहाणीव आहे. प्रोग्रॅमर तीच गोष्ट 'इन्क्लूड' या नावाने करतात.

आमचं ॲप्लिकेशन जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कवर आहे. त्यात लॉगिनची तयार व्यवस्था असते, ती टाकून स्वतःची करू नये, हे पहिलं. त्या मुलीने केलं ते असं. फॉर्मचा दर्शनी भाग, म्हणजे खाने, लेबलं आणि बटण, एका लहान टेम्प्लेट फाइलमध्ये ठेवला. साताऱ्याच्या पानात एक ओळ, सांगलीच्या पानात एक ओळ: ती फाइल इथे आण. पान त्या फाइलला दोनच गोष्टी सांगतं, मथळा काय लिहायचा आणि आत गेल्यावर माणसाला कुठे न्यायचं. नियम पानाला माहीतच नाहीत. आकडे बदलणं, मधल्या मोकळ्या जागा काढणं, ऱ ची रूपं एक करणं, हे सगळं सर्व्हरवर एका फंक्शनमध्ये. आणि हे नीट ऐका: लॉगिनच नव्हे, नवा पासवर्ड ठरवताना आणि विसरलेला बदलतानाही त्याच फंक्शनकडे जायचं. नाही तर ठेवताना एक माप आणि काढताना दुसरं, असं होईल. धान्याच्या दुकानात हे केलं तर लोक भांडायला येतात.

कुठे न्यायचं, यातही एक खाच आहे. परतीचा पत्ता फॉर्मबरोबर प्रवास करतो. तो कोणी मध्येच बदलून परक्या ठिकाणचा घातला, तर आपलाच दरवाजा आपल्या सभासदाला चोराच्या घरी पोचवेल. जँगोची तयार व्यवस्था हा पत्ता आपल्याच ठिकाणचा आहे ना, हे तपासते. स्वतः लिहिणारे इथे हमखास विसरतात.

दुसरी खाच लहान, पण तिने एक संध्याकाळ खाल्ली. एकाच पानावर फॉर्म दोनदा आला, एकदा वरच्या पट्टीत आणि एकदा मध्ये, तर दोन्हींतल्या खान्यांच्या आयडी सारख्या होतात. मग खालच्या 'पासवर्ड' या लेबलावर टिचकी मारली की कर्सर वरच्या खान्यात जातो. आयडी प्रत्येक वेळी वेगळी हवी, पण खान्याचं नाव तेच हवं, कारण सर्व्हर नावावरून वाचतो. नाव आणि व्यक्ती यांतला हा भेद आम्ही तीस वर्षं वर्गात शिकवला, आणि तिथेच अडलो.

राहिला जुन्या पासवर्डांचा प्रश्न. सांगलीच्या पानावर ज्यांनी ते ठरवले होते ते कच्च्या रूपातले होते. ते सुधारून का नाही घेतले? कारण सर्व्हरवर पासवर्ड ठेवलेलाच नसतो. त्याचा हॅश असतो, म्हणजे पिठासारखा दळलेला अवशेष. पिठावरून दाणा परत करता येत नाही. म्हणून युक्ती केली. माणूस आला की आधी एकरूप केलेला पासवर्ड तपासायचा. जुळला नाही तर जसा टाइप केला तसा तपासायचा. तो जुळला, की त्याच क्षणी एकरूप केलेल्या पासवर्डाचा नवा हॅश साठवायचा. लोक एकेकदा येऊन गेले आणि जुनं आपोआप मिटत गेलं.

आता बाईंच्या अपमानाकडे येऊ. यंत्राने त्यांना सांगितलं काय? "असा सभासद नाही." यंत्राला ठाऊक होतं काय? एवढंच, की टाइप झालेली चिन्हं आपल्या यादीत सापडली नाहीत. न सापडणं आणि नसणं या दोन गोष्टी आहेत. भाट्ट मीमांसक अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानतात: जमिनीवर घट दिसत नाही, यावरून घट नाही हे कळतं. पण त्यांची अट आहे. अनुपलब्धी योग्य हवी. म्हणजे घट असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. पुरेसा उजेड हवा, डोळे धड हवेत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घट नाही असं म्हणता येत नाही. सांगलीचा फॉर्म अंधारात उभा राहून 'नाही' म्हणत होता. मराठी आकडे बघायचे डोळेच त्याला नव्हते. आणि वाईतच केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश सिद्ध केला, तिथून आमची घरं तासाभराच्या आत! असो.

म्हणून संदेश बदलला. आता दोन्ही पानांवर एकच वाक्य येतं: "क्रमांक आणि पासवर्ड जुळले नाहीत. पुन्हा पाहावे." दोन्हींपैकी काय चुकलं, हे मुद्दाम सांगत नाही. त्या मुलीने दाखवून दिलं की 'असा सभासद नाही' आणि 'पासवर्ड चुकला' ही दोन वाक्यं वेगळी ठेवली, तर कोणीही परका क्रमांक घालून घालून आपली सभासदयादी बाहेर काढू शकेल. जँगो तर इतकं जपतं, की क्रमांक यादीत नसला तरी हॅश करण्याचं काम एकदा करतंच, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळावरूनही कुणाला अंदाज येऊ नये. आम्ही सभ्यतेसाठी जे वाक्य शोधत होतो, तेच तिला सुरक्षेसाठी हवं होतं.

बाईंना परवा पुन्हा फोन केला. आता मराठी आकड्यांनीच आत जातात. त्यांनी एक मागणी केली: टाइप करताना नुसते ठिपके दिसतात, काय लिहिलं ते कळत नाही, डोळे साथ देत नाहीत. तेव्हा पासवर्डाच्या खान्याशेजारी 'दाखवा' असं बटण आलं. मुलीने ते दुपारी त्या एका फाइलमध्ये घातलं, आणि दिवेलागणीच्या आधी साताऱ्यालाही होतं, सांगलीलाही होतं.