लेझरची नऊ पानं

१३ नोव्हेंबर १९५७. न्यूयॉर्कमधल्या एका गोळ्या-चॉकलेटांच्या दुकानात गॉर्डन गूल्ड वही घेऊन शिरला. दुकानाचा मालक नोटरीही होता. कोलंबिया विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या या ३७ वर्षांच्या भौतिकशास्त्रज्ञानं वहीच्या पहिल्या नऊ पानांवर नोटरीचा सही-शिक्का घेतला. त्या पानांवर ‘लेझर’ हा शब्द होता आणि समोरासमोर दोन आरसे बसवलेली नळी होती. उत्तेजित अणूंमधून प्रकाश पुढे-मागे जात राहील आणि प्रत्येक फेरीत वाढत जाईल, असं गणित त्यानं मांडलं होतं.

पेटंट मिळवायचं तर आधी चालतं यंत्र दाखवावं लागतं, असा गूल्डचा समज झाला. यंत्र बांधण्यासाठी त्यानं पदवी अर्धवट सोडली आणि टीआरजी या कंपनीत नोकरी धरली. खरं तर कायद्याला यंत्र नको होतं. त्या विषयातल्या जाणकाराला नुसतं वाचून ते बनवता येईल इतकं सविस्तर वर्णन केलं, की पुरे. तसा अर्ज दाखल करणं हे यंत्र प्रत्यक्ष बांधण्याच्या बरोबरीचं धरलं जातं. एवढं एक वाक्य त्याला वेळीच कुणी नीट समजावायला हवं होतं!

जुलै १९५८ मध्ये चार्ल्स टाउन्स आणि आर्थर शॉलो या भौतिकशास्त्रज्ञांचा याच शोधासाठीचा पेटंट-अर्ज बेल लॅब्सकडून दाखल झाला. गूल्डचा अर्ज गेला एप्रिल १९५९ मध्ये. अमेरिकेत तेव्हा आधी अर्ज करणाऱ्यापेक्षा आधी शोध लावणाऱ्याचा हक्क मोठा होता, म्हणून वही कोर्टात आली. पण १९६६ मध्ये तो हरला. प्रतिस्पर्ध्यांनी अर्ज केला तेव्हापासून स्वतःचा अर्ज जाईपर्यंत तो चिकाटीनं त्याच कामामागे होता, हे कोर्टाला पटेल असं सिद्ध झालं नाही. कल्पनेची तारीख वहीत होती. पुढच्या महिन्यांचा हिशेब तितका पक्का नव्हता. आपल्याकडे तर अर्जाचीच तारीख धरतात. प्रयोगशाळेतल्या तरुणांनी म्हणूनच शोधनिबंध पाठवण्याआधी निदान प्रोव्हिजनल अर्ज तरी करावा. पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात.

गूल्डनं हार मानली नाही. संपूर्ण लेझर हातचा गेला, तरी त्याच्या अर्जात इतरही शोध होते. अणूंना प्रकाशानंच उत्तेजित करण्याच्या पद्धतीचं पेटंट त्याला ऑक्टोबर १९७७ मध्ये मिळालं, आणि वायूत विद्युतप्रवाह सोडून चालणाऱ्या लेझरचं १९८७ मध्ये. पेटंटची मुदत तेव्हा मंजुरीपासून १७ वर्षं असे. टाउन्स-शॉलो यांचं पेटंट मार्च १९६० चं, म्हणजे १९७७ च्या मार्चमध्येच संपलेलं. गूल्डची मुदत सुरू झाली तेव्हा कारखान्यांत आणि शस्त्रक्रियांत लेझर वापरात आलेला होता. रॉयल्टी कोट्यवधी डॉलर्सची आली. खटल्यांच्या खर्चापोटी तिच्यातला सुमारे ८० टक्के वाटा त्यानं आधीच लिहून दिला होता.