डोगाच्या मुखवट्यामागचे मूल

विठ्ठलवाडीच्या एका मातेने विचारले, "फादर, मुलाच्या दप्तरात डोगाचे हिंदी कॉमिक सापडले. काय करावे?"

राज कॉमिक्सचा डोगा कुत्र्याचा मुखवटा घालून मुंबईतील गुंडांना गोळ्या घालतो. कचऱ्यात सापडलेल्या या बालकाला डाकू हलकानसिंहने वाढवले ते स्वतःची ढाल म्हणून. अमेरिकन बॅटमनच्या बालसाथीचे दैवही निराळे नव्हते. १९८८ साली दुसऱ्या रॉबिनला मारावे, असा कौल वाचकांनी दूरध्वनीवरून दिला: ५३४३ विरुद्ध ५२७१!

अन्यायाची चीड हे पाप नव्हे. दुर्बलांचे रक्षण ख्रिस्तसभा कर्तव्यच मानते. सूड मात्र परमेश्वरावर सोपवावा, असे संत पौल रोमकरांस लिहितो. त्या मातेस सांगितले, पुस्तक हिसकावू नका. शेजारी बसून वाचा आणि कचऱ्यातील त्या बालकाविषयी मुलाशी बोला.