इंग्रजी शब्दाचा पुरावा

शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्या अंकांत पित्याच्या पिशाच्चामागें निघालेल्या राजपुत्राला त्याचे सोबती आवरून धरतात. तेव्हां तो त्यांना ठार मारण्याची धमकी देतो आणि आडवें येण्याच्या क्रियेस ‘लेट’ हें क्रियापद योजतो. कॉलेजांतील विद्यार्थ्यास ‘लेट’ म्हणजे ‘करूं देणें’ एवढेंच ठाऊक असतें. मग जो आपणांस जाऊं देईल त्यालाच हॅम्लेट मारणार, असा उलटा अर्थ निघतो. आणि एकादा हुषार विद्यार्थी त्यावरून राजपुत्राच्या चित्तभ्रमाविषयीं दोन पानें लिहूनहि मोकळा होतो. भाषा शुद्ध, मांडणी नीटनेटकी, पण निबंधाचा पायाच चुकीचा.

वास्तविक येथें शब्द दोन आहेत. जुन्या इंग्रजींत ‘करूं देणें’ आणि ‘अडविणें’ या अर्थांचीं दोन निरनिराळीं क्रियापदें होतीं; उच्चारांची झीज होऊन कालांतरानें दोन्ही ‘लेट’ झालीं. दुसरें पुढें व्यवहारांतून गेलें. भारतीय पासपोर्टाच्या आरंभीं प्रवाशास विनाअडथळा जाऊं देण्याची जी इंग्रजी विनंती छापलेली असते, तींत मात्र तें नाम म्हणून अद्याप टिकून आहे. असा प्रकार मराठी वाचकास नवा नाहीं. संस्कृतांत ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन. मराठींत तिचा दंड झाला. जुना ग्रंथ वाचतांना आजचा अर्थ त्यावर लादला, तर ग्रंथकार जें बोललाच नाहीं तें त्याच्या तोंडीं घातलें जातें.

कोणत्या काळीं कोणता अर्थ रूढ होता, हें अनुमानानें ठरत नाहीं; त्याला त्याच काळच्या लेखाचा दाखला लागतो. डॉ. सॅम्युअल जॉन्सन यांनीं आपल्या १७५५ सालच्या कोशांत ग्रंथकारांचे उतारे भरपूर दिले, पण त्यांवर सालें घातलीं नाहींत. १८५७ सालीं लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढें रिचर्ड ट्रेंच यांनीं कोशांतील उणिवांवर निबंध वाचला. कोशकार हा भाषेचा इतिहासकार होय, टीकाकार नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांतून निघालेलें काम पुरें होण्यास १९२८ साल उजाडलें. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज १८६१ सालींच वारले. दुसरे, फर्निव्हल, मोठे उत्साही, पण व्यवस्थेशीं त्यांचें फारसें जमत नसे. १८७९ सालीं जेम्स मरे या शाळामास्तरांच्या हातीं काम आलें, त्याबरोबर सुमारें दोन टन चिठ्ठ्याहि आल्या. ‘एच्’ अक्षराच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं. ‘पीए’ पासूनच्या कांहीं आयर्लंडांत एका तबेल्यांत सांपडल्या! मरे यांनीं घरच्या आवारांत पत्र्याची खोली उभारली, कप्पे करविले, आणि इंग्रजी वाचणाऱ्या सर्वांना दाखले पाठविण्याची विनंती केली. १८८४ सालीं पहिला भाग निघाला, तो ‘ए’ पासून ‘अँट’ या शब्दापर्यंतच. मरे १९१५ सालीं वारले तेव्हां ‘टी’ अक्षराचें काम त्यांच्या हातीं होतें. शेवटीं दहा खंडांत चार लाखांवर शब्द आणि अठरा लाखांवर दाखले सामावले. एका शब्दाच्या चिठ्ठ्या मात्र गहाळ झाल्या होत्या. दासी या अर्थाचा ‘बॉण्डमेड’ हा शब्द पहिल्या आवृत्तींतून राहून गेला. १९३३ च्या पुरवणींत त्याला जागा मिळाली.

हाच ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोश. यांत शब्दाचे अर्थ ते भाषेंत ज्या ओघानें आले त्या ओघानें लावलेले असतात, आणि प्रत्येक अर्थाखालीं सालवार उतारे असतात. ‘सिली’ हा शब्द उघडून पहावा. आज मूर्ख म्हणविणारा हा शब्द जुन्या काळीं सुखी, धन्य या अर्थाचा होता. मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा, आणि अखेर मूर्ख. विद्यार्थी ज्या कवितेवर लिहीत असेल तिचें साल आणि या पायऱ्यांचीं सालें ताडून पाहिलीं, कीं कोणता अर्थ संभवतो तें दिसूं लागतें.

परंतु या कोशाचा साक्षीदार म्हणून उपयोग करतांना उलटतपासणी हवी. वाचकांनीं चमत्कारिक शब्द हौसेनें टिपले आणि नेहमींचे शब्द सोडून दिले. ‘अब्यूजन’ या दुर्मिळ शब्दाचे पन्नासएक दाखले जमले, पण ‘अब्यूज’ या रोजच्या शब्दाचे पांचहि नव्हते, अशी मरे यांचीच तक्रार होती. शेक्सपियर सर्वांनीं बारकाईनें वाचला. त्यामुळें अनेक शब्दांचा पहिला दाखला त्याच्या नांवावर जमा झाला. जर्मन पंडित युर्गन शेफर यांनीं १९८० सालीं शेक्सपियर आणि त्याचा समकालीन टॉमस नॅश यांची तुलना करून हा पक्षपात उघड केला. म्हणून, कोशांतील पहिला दाखला शेक्सपियरचा, सबब शब्द शेक्सपियरनें घडविला, हें अनुमान निबंधांत घालणें धोक्याचें आहे. कोश फक्त इतकेंच सांगतो कीं, याहून जुना उतारा संपादकांच्या हातीं लागला नव्हता.

मरे यांची चिठ्ठी मात्र कोणत्याहि संशोधकानें उचलावी अशी आहे. अर्ध्या कागदावर एकच शब्द. त्याखालीं साल, ग्रंथकार, ग्रंथ, पान. आणि मग उतारा, मुळांत असेल तसा. पान टिपून न ठेवल्यामुळें परीक्षेच्या आदल्या रात्रीं सबंध ग्रंथ पुन्हा चाळावा लागतो, हा अनुभव पुष्कळांचा असेल. याच पद्धतीनें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत १९४८ सालीं डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनीं संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचें काम आरंभिलें. सुमारें दीड हजार ग्रंथांतून तेथें एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग १९७६ सालीं प्रसिद्ध झाला.

ऑक्सफर्डच्या कोशाची वीस खंडांची दुसरी आवृत्ति १९८९ सालीं निघाली, आणि २००० सालापासून तो वर्गणी भरून इंटरनेटवरहि पाहतां येतो. ज्यांना वर्गणी झेपत नाहीं, त्यांना पहिल्या आवृत्तीचे जुने खंड तेथेंच विनामूल्य मिळतात. शिवाय १७०० सालापूर्वींच्या सुमारें पंचवीस हजार इंग्रजी ग्रंथांची संहिता २०१५ च्या जानेवारींत सर्वांस खुली झाली. मरे यांच्या वाचकांना जें वर्षानुवर्षें डोळ्यांनीं शोधावें लागे, तें तींत शब्द घालतांच पुढें येतें. एकाद्या शब्दाचा कोशाहून जुना उतारा अशा शोधांत आढळलाच, तर साल व पान लिहून तो ऑक्सफर्डच्या संपादकांकडे पाठवितां येतो. असे दाखले ते आजहि मागवितात.