जिब आवळून न सुटणारी ढिलाई: मिलिंग मशीनचं स्क्रॅपिंग

पोटापाण्यासाठी मी कोड लिहितो, पण आजच्या भागात बोलायचंय बिडाबद्दल. जळगाव एमआयडीसीत पाईपवाले, चटईवाले भरपूर. त्यांच्या डाय बनवणाऱ्या टूलरूममध्ये जुनी मिलिंग मशीनं अजून राबतात. असंच एक एचएमटीचं मशीन या उन्हाळ्याच्या तोंडावर भंगारात निघालं होतं. शेवटचा उपाय म्हणून मालकाने धुळ्याहून एका निवृत्त फिटरकाकांना बोलावलं. त्यांच्याशेजारी बसून मला जे कळलं, ते सांगतो.

आजार काय?

मिलिंगचं टेबल सॅडलवर सरकतं. दोघांच्या मध्ये डोव्हटेल असते आणि फट भरायला जिब नावाची पट्टी. जॉब बहुतेक वेळा टेबलाच्या मध्यावर बांधतात, म्हणून टेबल वर्षानुवर्षं तेवढ्याच टप्प्यात ये-जा करतं. झीज तिथेच होते, टोकं जवळपास कोरी राहतात.

आता जिब आवळली तर मध्ये ठीक चालतं, पण टोकाकडे नेलं की जाम. टोकासाठी सैल केली की मध्ये टेबल डुगडुगतं, कटर थरथरतो, जॉबवर लाटा येतात. आमच्या भाषेत, बग तसाच ठेवून वर पॅच मारण्यासारखं! भूमितीच बिघडलीय, ती स्क्रूने सुटणार नाही.

निळा रंग काय सांगतो?

सरफेस प्लेट किंवा बिडाची स्ट्रेटएज म्हणजे मास्टर. त्यावर प्रशियन ब्लूचा अगदी पातळ थर लावायचा, स्लाईडवर ठेवून थोडं हलवायचं आणि उचलायचं. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. कार्बाइडच्या स्क्रॅपरने फक्त तेवढाच खरवडायचा, एका वेळी काही मायक्रॉन. मग दिशा बदलून तेच पुन्हा. आधी दोन-चार मोठे डाग दिसतात, शेवटी सगळीकडे बारीक ठिपके. चौरस इंचात किती ठिपके, ते मोजतात. साध्या स्लाईडला दहा-पंधरा पुरतात, मास्टरला जास्त लागतात.

ठिपक्यांमधल्या उथळ खळग्यांत तेल टिकतं. दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे गुळगुळीत असले तर तेल बाहेर ढकललं जातं आणि टेबल अडखळत सरकतं.

पण मास्टर सपाट कशावरून?

मला हा भाग सगळ्यात भारी वाटला. दोन प्लेट एकमेकींवर घासल्या आणि ब्लू सगळीकडे सारखा लागला, तरी एक वाटीसारखी खोलगट आणि दुसरी तेवढीच फुगीर असू शकते. मग तिसरी प्लेट घ्यायची. तिन्ही जोड्या फिरवून-फिरवून जुळल्या, तरच तिन्ही सपाट. जोसेफ व्हिटवर्थने 1840 साली ग्लासगोमध्ये ही पद्धत मांडली होती. म्हणजे सपाटपणा मुळात कुठल्याही मशीनमधून येत नाही, तो हाताने आणि तुलनेने घडवता येतो.

मशीनवरही तुलनाच चालते. आधी टेबलाची खालची बाजू मास्टरवर दुरुस्त करायची, मग तेच टेबल मास्टर धरून सॅडल जुळवायचं. सोबत डायल लावून काटकोनही तपासत राहायचा. नाहीतर स्लाईड सपाट होते, पण तिरकी!

आपल्याकडचं ऊन

काका मोजमाप सकाळीच करायचे. मी हिशेब मांडून पाहिला. एक मीटर लांब, 150 मिमी उंच बिडाच्या स्ट्रेटएजच्या वरच्या आणि खालच्या बाजूत फक्त एका अंशाचा फरक पडला, तर ती मध्ये साधारण नऊ मायक्रॉन वाकते. म्हणजे स्क्रॅपरच्या एक-दोन फेऱ्यांएवढं! पत्र्याच्या शेडमधून आलेली उन्हाची तिरीप एवढं सहज करते.

भंगारवाल्याला फोन करण्याआधी

जिब मध्यावर नीट बसवा आणि टेबल दोन्ही टोकांना नेऊन बघा. टोकाला जड झालं, तर स्लाईड झिजलीय. हँडल मात्र मोकळं फिरतंय आणि टेबल उशिरा हलतंय, तर आधी लीडस्क्रूचा नट तपासा, तो बदलणं खूप सोपं आहे. झीज खोल असेल तर आधी ग्राइंडिंग किंवा प्लॅनिंग, मग स्क्रॅपिंग. हे आठवड्यांचं काम आहे आणि फिटरची मजुरी द्यावीच लागते.

आयटीआयच्या फिटर ट्रेडमध्ये स्क्रॅपिंग शिकवतात, पण हात बसतो तो खऱ्या मशीनवरच. म्हणून मालकाने काकांच्या हाताखाली दोन पोरं दिली. काका त्यांना एवढंच म्हणाले, "घाई करू नका भो, काढलेलं बीड परत लावता येत नाही."

भेटूया पुढच्या भागात!