दम फुफ्फुसाचा की हृदयाचा?

'हार्ट फेल झालं' हे शब्द आपल्याकडे कानावर पडतात ते बहुधा कुणाच्या निधनाची बातमी सांगताना. त्यामुळे दवाखान्यात समोर बसलेल्या माणसाला 'तुम्हाला हार्ट फेल्युअर आहे' असे सांगितले, की त्याचा चेहरा पांढराफटक पडतो आणि सोबतची मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. वास्तविक या आजारात हृदय बंद पडलेले नसते. ते चालू असते, पण शरीराला लागेल तेवढे रक्त पुढे ढकलताना त्याची दमछाक होते. रक्त मागे तुंबते, फुफ्फुसांत पाणी साचू लागते आणि माणसाला धाप लागते. वेळीच ओळखले तर त्यावर चांगली औषधे आहेत. अडचण आहे ती ओळखण्याचीच. धाप दम्याने लागते, अंगात रक्त कमी असले तरी लागते, वजन वाढले तरी लागते. शिवाय साठी उलटली, की 'वय झालं' हे कारण तर घरात सगळ्यांना तोंडपाठ असते!

या कारणाला एकदा मीही फसले. आमच्याच आळीतल्या एक आजी. दर थंडीत त्यांना खोकला व्हायचा. त्या वर्षी खोकल्याबरोबर दमही लागू लागला. मी छाती तपासली, थोडी घुरघुर ऐकू आली. दम्याचा पंप लिहून दिला. पंधरा दिवसांनी आजी परत आल्या. दम तसाच. मी औषध बदलले. "बाई, आता वय झालं, दम लागायचाच," असे आजीच म्हणाल्या आणि मलाही ते पटले. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा जिन्याच्या चार पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या होत्या. घोट्यांवर बोट दाबले तर खळगा पडला. मग मात्र माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांचे रक्त 'एनटी-प्रोबीएनपी' या तपासणीसाठी पाठवले. संध्याकाळी आकडा आला चार हजारांच्या वर. दुसऱ्या दिवशी टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. हृदयाचा डावा कप्पा थकलेला होता. केव्हातरी नकळत झटका येऊन गेला असावा.

ही तपासणी म्हणजे नेमके काय, त्याची हकिगत मोठी गमतीची आहे. हृदय हा केवळ पंप, अशीच आपली समजूत. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढून तो दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि तिच्यातून जाणारे मीठ झपाट्याने वाढले. म्हणजे हृदय स्वतःच एक संप्रेरक तयार करते, हे उमगले. पुढे १९८८ साली जपानी शास्त्रज्ञांना त्याच जातीचा दुसरा पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला. म्हणून त्याच्या नावात मेंदू येऊन बसला. 'बीएनपी' मधला 'बी' म्हणजे 'ब्रेन'. प्रत्यक्षात माणसाच्या शरीरात तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांत तयार होतो, पण नाव काही बदलले नाही!

कप्प्यांवर ताण पडून त्यांच्या भिंती ताणल्या गेल्या, की स्नायूंच्या पेशी हा पदार्थ रक्तात सोडतात. तो मूत्रपिंडांना सांगतो, मीठ-पाणी बाहेर टाका. रक्तवाहिन्यांना सांगतो, सैल व्हा. अवजड ओझ्याखाली दबलेल्या हमालाने 'जरा हात लावा हो' म्हणावे, तसेच हे. तपासणीत आपण ती हाक ऐकतो. ती असते मात्र फार बारीक. मोजमाप पिकोग्रॅममध्ये, म्हणजे एका ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात होते.

धाप लागून तातडीच्या विभागात आलेल्या १,५८६ रुग्णांवर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बीएनपी एका मिलिलिटरला १०० पिकोग्रॅम ही सीमारेषा धरली, तर शंभरातल्या सुमारे ८३ जणांचे निदान बरोबर येत होते. आकडा ५० च्या खाली असेल तर 'हे हृदयाचे दुखणे नव्हे' हे म्हणणे शंभरात ९६ वेळा खरे ठरले. या तपासणीचे खरे बळ या 'नाही' म्हणण्यात आहे. हळूहळू वाढलेल्या दमासाठी एनटी-प्रोबीएनपी १२५ च्या आत असेल, तर डॉक्टर बहुधा दुसरे कारण शोधू लागतात.

'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. उतारवयात, मूत्रपिंड कमजोर असताना, नाडी अनियमित असताना हा आकडा वाढलेला दिसतो. उलट लठ्ठ माणसांत तो कमी दिसतो. एका स्थूल दुकानदारांचा आकडा १२५ च्या आत आला आणि ते खुशीत पेढे घेऊन आले. पण त्यांचे पाय सुजलेले होते, मानेच्या शिरा फुगलेल्या होत्या. मी इको करायला लावला. हृदयाचा स्नायू ताठर झालेला निघाला. तेव्हा कागदावरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. आणि अचानक रात्री धाप लागली, छातीत दुखू लागले, तर कसल्याही रिपोर्टची वाट न बघता रुग्णालय गाठावे.

'वय झालं' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगते. तिरुवनंतपुरममध्ये २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली. त्यांचे सरासरी वय होते ६१, पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी. वर्षभरात दहांतले तिघे दगावले. हे काही जाण्याचे वय नव्हे.

आमच्या आजींना लघवीवाटे पाणी काढणारी आणि हृदयाचा भार हलका करणारी औषधे सुरू झाली. जेवणातले लोणचे-पापड बंद झाले. महिन्याभरात त्या पूर्वीसारख्या देवळापर्यंत चालत जाऊ लागल्या. मी मनातल्या मनात रक्ततपासणीचे आभार मानले. पण त्यांच्या सूनबाई सहज बोलून गेल्या, "बाई, आता सासूबाई कॉटवर झोपतात हं. मधे दोन महिने आरामखुर्चीतच बसून झोपायच्या. आडवं झालं की गुदमरायचं त्यांना."

दोन महिने! फुफ्फुसांत पाणी साचल्याची ही किती ठळक खूण! मी तीन वेळा त्यांची छाती तपासली, पण 'रात्री झोप कशी लागते?' हे एकदाही विचारले नव्हते. आणि दम्याच्या औषधाशी खुर्चीचा काय संबंध, म्हणून त्यांनीही सांगितले नव्हते.

तेव्हापासून धाप लागणारा कुणीही आला, की माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे : "उशाला किती उशा लागतात?" या प्रश्नाला पैसे पडत नाहीत. रक्ततपासणी त्यानंतर. तुमच्या घरी कुणी ज्येष्ठ मंडळी हल्ली एकाच्या तीन उशा घेत असतील, तर आज एवढे त्यांना विचारा आणि डॉक्टरांना न विसरता सांगा.