अनुशेष मोजतात कसा?

प्रादेशिक अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाचे आयुष्य बहुतेक सर्वेक्षणे, तक्ते आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध तपासण्यात जाते. अख्खे राज्य मोजायचे काम क्वचितच कुणाच्या वाट्याला येते. 1983 मध्ये ते वि. म. दांडेकरांकडे आले. पुण्याच्या गोखले संस्थेतले हे अर्थतज्ज्ञ. नीलकंठ रथ यांच्याबरोबर त्यांनी भारतातील दारिद्र्यावर केलेला 1971 चा अभ्यास तोवर देशभर गाजला होता.

आता मोजायचा होता महाराष्ट्राचा प्रादेशिक असमतोल. दरडोई उत्पन्न घेऊन मोकळे होता आले असते. पण उत्पन्न काही सरकार वाटत नाही. ते कालवे काढते, रस्ते बांधते, शाळा उघडते. म्हणून क्षेत्रवार हिशेब मांडला गेला.

सिंचनाचे पाहा. उसाचा एक हेक्टर आणि ज्वारीचा एक हेक्टर यांना सारखे पाणी लागत नाही. तेव्हा सगळी सिंचनक्षमता आधी रब्बी ज्वारीच्या मापात आणायची, मग पेरणीच्या क्षेत्राशी तिची टक्केवारी काढायची. समजा, राज्याची सरासरी 20 टक्के आहे आणि एका जिल्ह्याची 14. तूट 6 टक्क्यांची. पेरणीक्षेत्र 5 लाख हेक्टर असेल तर जिल्हा 30 हजार हेक्टरांनी मागे. त्याला हेक्टरी खर्चाने गुणले की रुपयांतला अनुशेष हाती येतो.

खरी मेख पुढे आहे. सरासरीच्या वर असलेल्या जिल्ह्याची शिल्लक शेजारच्या जिल्ह्याच्या तुटीतून वजा होत नाही. एकक जिल्हा, विभाग नव्हे. म्हणून दांडेकरांच्या 1984 च्या अहवालातल्या सुमारे 3,187 कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी विदर्भाचा वाटा 39 टक्के, मराठवाड्याचा 24 च्या आत आणि उर्वरित महाराष्ट्राचा चक्क 37 टक्के निघाला! विदर्भ-मराठवाड्यात नाराजी उमटली, यात नवल नाही. तरी मला दांडेकरांची पद्धत पटते. पश्चिम महाराष्ट्रातल्या दुष्काळी जिल्ह्याने शेजाऱ्याच्या बागायतीवर समाधान का मानावे? मात्र हाच न्याय तालुक्यालाही लावायला हवा होता. एकाच जिल्ह्यातला कोरडा तालुका या हिशेबात दिसतच नाही.

शिवाय सरासरी एका जागी थांबत नाही, भावही नाहीत. पुढे निर्देशांक व अनुशेष समितीने 1994 ची स्थिती धरून आकडा काढला, तो 14,000 कोटींवर गेला.

तेव्हा अनुशेषाचा कुठलाही आकडा कानावर आला, तर आधी दोनच गोष्टी विचारा: सरासरी कोणत्या वर्षीची, आणि एकक कोणते?